आधी काटा, मग गाडी

मन्मथअप्पांच्या गाडीत बसायचं तर आधी काट्यावर उभं राहावं लागायचं. लहान-मोठा, बाई-बुवा, जावई-व्याही, सवलत कुणालाच नव्हती. त्यांच्या ओसरीत एक लोखंडी काटा कायमचा मांडलेला असे, पोती तोलतात तसला. त्यावर चढायचं. अप्पा वाकून दांडीवरचं वजन सरकवणार, दांडी थरथरून मधोमध थांबली की आकडा मोठ्यानं पुकारणार, आणि मगच गाडीचं दार उघडणार.

एकदा एक नायब तहसीलदार लग्नाला जायचं म्हणून आले. अंगात नवा सफारी, केसांना तेल. अप्पांनी पुकारलं, "ब्याण्णव!" समोरच्या नळावर भांडी घेऊन थांबलेल्या सगळ्या बायांनी ते ऐकलं. नळाला तसंही पाणी नव्हतं, त्यामुळे त्यांना ऐकायला भरपूर वेळ होता. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही पुढं बसा. मागं बसलात तर गाडी नाक वर करंल."

साहेब यष्टीनं गेले.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. रोज एक नवी कचेरी उघडत होती. खोल्या कमी, पाट्या जास्त. एका वाड्यात तर खाली तेलाचं गोदाम आणि वर दोन सरकारी खाती होती, आणि फायलींना शेंगदाण्याचा वास यायचा. त्यातच दुष्काळ पडला. मी नांदेडचा. नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून आलो आणि अप्पांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अप्पांचं बाजारात काटे दुरुस्तीचं दुकान होतं. सगळ्या आडत बाजाराचे, डाळमिलचे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, खिशात खडू. बोलण्यात तोंडी लावायला एकच वाक्य: "काटा इच्यारू."

भाजी महाग झाली का? काटा इच्यारू. पोरगी सासरी सुखात आहे का? माहेरी आली की काटा इच्यारू. स्वतःला तोलताना म्हणायचे, "बासष्ट. गळ्यातलं लिंग सोडून. ते देवाचं हाय, त्याचं वजन धरायचं न्हाई." 'अंदाज' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "अंदाजानं मानूस चालतो, नांदेडकर, काटा न्हाई," एवढं बोलून ते मान फिरवायचे. माझं नाव सुधाकर. ते त्यांनी कधी घेतलं नाही. मी नांदेडकर.

घरात दोघंच. अप्पा आणि काकू. काकू देवणीकडच्या. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, पण हसल्या की ओसरी उजळायची. दर सोमवारी पूजा झाली की अप्पा काकूंना काट्यावर उभं करत. त्या दुष्काळात काकू अठ्ठेचाळीसवरून चव्वेचाळीसवर आल्या. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. अप्पांनी त्या दिवशी आकडा पुकारला नाही. काट्याच्या दांडीवर टिचकी मारली, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "काटा कमी दाखवून राहिला." बाजारात ज्यांच्या शब्दावर पोती उतरायची, त्या माणसानं स्वतःच्या काट्यावर शंका घेतलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

काकूंचं दुखणं देवणीला होतं. भावाच्या गोठ्यात एक कालवड होती, पांढरी, अंगावर काळे ठिपके, लांब कानांची. काकू मागच्या वर्षी माहेरी गेल्या तेव्हा त्यांच्याच हातावर जन्मली. नाव चंद्री. आता चारा संपला होता. भावाचं पत्र आलं की सगळी जनावरं पुढच्या बाजाराला काढणार. काकूंनी पत्र वाचलं, घडी केली, डब्यात ठेवलं. 

दुसऱ्या दिवशी अप्पांनी जाहीर केलं, "दूध विकत घेणं परवडत न्हाई. घरचीच कालवड आणू."

मी म्हटलं, "अप्पा, तिला दूध यायला तीन वर्षं आहेत."

"मग तीन वर्षं थांबू. घाई हाय का?"

"आणि पाणी? आपल्यालाच चार दिवसांतून एकदा येतं."

"ती किती पिती त्याचा हिशोब केलाय. मी एक दिवसाआड आंघोळ करतो." केलाय म्हणजे केलाच होता, आठ दिवसांपासून आंघोळ एक दिवसाआड सुरूही झाली होती.

कालवड आणायची कशी? टेम्पोत जनावरं दाटीनं कोंबतात, ते अप्पांना नको. पायी आणावी तर वाटेत चारा-पाणी नाही. पण अप्पांकडे गाडी होती. बदली झालेल्या एका साहेबांकडून घेतलेली, आठशे सीसीची, चिमुकली. गल्लीतले लोक तिला 'डबी' म्हणत. ह्या डबीला मागं ट्रॉली जोडायची आणि तिच्यात चंद्रीला आणायची, असं अप्पांनी ठरवलं. लातूरमध्ये तोवर ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरच्या मागची. डबीच्या मागं ट्रॉली ही कल्पना ऐकून वेल्डिंगवाले खाजाभाई हातातली काच बाजूला ठेवून बघतच राहिले.

"अप्पा, गाडी चूहे की और दुम हत्ती की?"

"दुम बी चूहे कीच हाय, खाजाभाई. मी माप आणलंय."

माप म्हणजे चार वह्या! गाडीचं वजन किती, त्याच्या निम्म्याच्या वर ट्रॉली आणि माल मिळून एक किलो जायचा नाही. चाकापासून हूक पाच फूट, चाकापासून मागची फळी तीन फूट. हूक तुटलाच तर दोन साखळ्या, त्याही हुकाखालून एकमेकींवर फुली मारून, म्हणजे दांडी रस्त्यावर पडणार नाही, साखळीच्या झोळीत पडेल. मागं दोन लाल दिवे आणि वर काकूंनी शिवलेलं लाल फडकं. खाजाभाई वेल्डिंग करायचे आणि अप्पा शेजारी उभं राहून प्रत्येक सांध्यावर हातोडी मारून कान लावायचे. शेवटी खाजाभाई वैतागले, "अप्पा, ये वेल्डिंग है, कलिंगड नै!"

सगळ्यात मोठी गंमत होती मानेची. ट्रॉलीची दांडी जिथं हुकावर बसते तिला अप्पा 'मान' म्हणत. "नांदेडकर, हे ध्यानात ठिवा. माल चाकाच्या थोडा पुढं पायजे. मानेवर अठ्ठावीस किलो आलं पायजे. मान जड झाली तर गाडीचं तोंड वर होतं, चाक वळत न्हाई. मान हलकी झाली तर शेपूट हलतं. आन् उतारावर शेपूट हलायला लागलं की लोक काय करतात? ब्रेक मारतात! मेले मंग. ब्रेक न्हाई, चाक फिरवायचं न्हाई. पाय उचलायचा, हात घट्ट, देवाचं नाव." हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की मला, ज्याला साधी लुनाही नीट यायची नाही, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ट्रॉलीचे उतार दिसायला लागले.

रविवारी बाजार समितीचं मैदान रिकामं असायचं. तिथं सराव. पुढं नेणं सोपं होतं. पण मागं घेणं! ट्रॉली डावीकडं न्यायची तर चाक उजवीकडं फिरवायचं. अप्पा पन्नाशीपुढचे, आयुष्यभर काटा सरळ बघितलेला माणूस. त्यांना हे उलटं गणित काही केल्या जमेना. मागं लाल फडकं काठीला बांधून काकू उभ्या. अप्पा खिडकीतून ओरडायचे, "कुठं चालली?" काकू म्हणायच्या, "माझ्याकडं!" आणि पदर सावरत बाजूला पळायच्या. पोत्यांच्या थप्पीवर बसलेले हमाल टाळ्या वाजवायचे. "अप्पा, जरा डावं! न्हाई, तुमचं न्हाई, काकूंचं डावं!" अप्पांनी शेवटी निर्णय घेतला की मागं घ्यायचंच नाही. ट्रॉली घेऊन जिथं वळायला जागा नसेल तिथं जायचंच नाही. सराव म्हणून एका लग्नाला ट्रॉली जोडूनच गेले तर वळायला जागा मिळाली ती पुढच्या गावात. जेवणाची पंगत उठल्यावर पोचले, पण मागं घेतली नाही.

मी हे सगळं आता खुशाल सांगतो आहे. पण पुढचं सांगायला मला तेवीस वर्षं लागली. मी फार बोलणारा माणूस नाही. कचेरीत माझ्या टेबलावरून हजार फायली गेल्या, पण माझा असा एक कागद मी कुणापुढं ठेवला नाही. गेल्या वर्षी आई गेली. आता तिच्या आड लपता येत नाही. आणि खरं म्हणजे मी तिच्या आड कधी नव्हतोच, माझ्याच आड होतो.

तर झालं असं. देवणीला जायचा सोमवार ठरला. पण अप्पांचा नियम होता, "आधी निर्जीव सामान, मग जीव." ट्रॉलीची लांबची परीक्षा घ्यायची होती. आणि मला नेमकं त्याच आठवड्यात नांदेडहून आईला आणि तिच्या संसाराला लातूरला आणायचं होतं. अप्पा म्हणाले, "चला. नांदेड ते लातूर. परीक्षेला लई चांगला रस्ता. चढ हायत, उतार हायत."

"म्हणजे आम्ही निर्जीव?"

"तुम्ही गाडीत, नांदेडकर. ट्रॉलीत न्हाई."

शनिवारी आम्ही नांदेडला पोचलो. रिकामी ट्रॉली मागं खडखडत होती आणि अर्धापूरच्या बाजूनं आलेले केळीवाले सायकली थांबवून बघत होते. मी लग्नातल्या नवरदेवासारखा ताठ बसलो होतो. इतका आनंद मला नोकरीच्या ऑर्डरीचाही झाला नव्हता! आमच्या घरापुढं तर जत्रा जमली. अप्पांनी सोबत आणलेला काटा अंगणात मांडला आणि एकेक जिन्नस तोलायला सुरुवात केली. ट्रंक. डबे. तांब्याचा बंब. गाद्या. प्रत्येक वस्तूवर खडूनं आकडा. शेजारच्या बाया कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

आईला हे सहन होईना. "सुधा, हा मानूस काय करून राहिला? माझ्या संसाराचं वजन काढतोय का?"

"आई," अप्पा हात जोडून म्हणाले, "संसाराचं न्हाई, सामानाचं. आन् आता तुम्ही बी एकदा काट्यावर..."

"मी?" आई अशी कडाडली की दोन बाया मागं सरल्या. "मला तोलणार? माझ्या बापानं मला तोललं न्हाई, नवऱ्यानं तोललं न्हाई!"

अप्पांनी आईला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं आणि आदरानं मान खाली घातली. "राहू द्या. त्रेपन्न." पुढं दवाखान्यात एकदा आईचं वजन केलं, तेव्हा ते त्रेपन्नच निघालं. पण त्या क्षणापासून आईच्या मनात अप्पांबद्दल अढी बसली. त्यात हिशोब बसेना म्हणून अप्पांनी लोखंडी पलंग खाली काढायला लावला. आई एक शब्द बोलली नाही. आई बोलत नाही म्हणजे काय, हे मला माहीत होतं.

ट्रॉली भरून झाली. मान तोलली, बरोबर अठ्ठावीस. दोर आवळले, दांडी हुकावर चढवली, साखळ्यांची फुली मारली. अप्पा म्हणाले, "मी घाटावर महादेवाला जाऊन येतो. तोवर कशाला हात लावू नगा."

ते वळणाआड गेले आणि आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. पाटा-वरवंटा भिंतीला टेकून उभा होता. काळ्या दगडाचा, मधोमध झिजून खोलगट झालेला. तिच्या सासूचा, सासूच्या सासूचा. "हा राहिला," ती म्हणाली.

"आई, अप्पा आल्यावर विचारतो."

"इच्यारतो? त्यानं पलंग काढला, आता पाटा बी काढंल. त्याला इच्यारायचं न्हाई. ह्याच्याबिगर मी येत न्हाई."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. आईला नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि अप्पांना विचारायची लाज. चार लोकांत पुन्हा तमाशा नको, एवढाच विचार केला. पाटा उचलला तर कंबर मोडायची पाळी आली. पुढं दोर आवळलेले होते, त्यामुळे जागा उरली होती ती अगदी मागं, फळीपाशी. शेवटच्या गादीच्या वळकटीत पाटा गुंडाळला, फळीला टेकवून बसवला आणि वरवंटा पायाशी पिशवीत घेतला. मनात म्हटलं, एवढा तीनशे किलोचा पसारा, त्यात एका पाट्यानं काय होतंय. एवढे दिवस अप्पांचं ऐकून मी हे शिकलो होतो!

अप्पा आले, कपाळाला ताजं भस्म. निघालो. आई मागं, पाय जवळ घेऊन. काय दिवस होता तो! रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना भेगाळलेली रानं, पण गाडीत आम्ही सहलीला निघाल्यासारखे. अप्पा ताशी चाळीसच्या वर जात नव्हते. मागून येणारी प्रत्येक यष्टी हॉर्न वाजवत पुढं जायची, कंडक्टर दारात उभं राहून हसायचा, आणि अप्पा हात वर करून नमस्कार करायचे. "हसू द्या. सोमवारी हिच्यात चंद्री असंल. दोन्ही बाजूनं गवताच्या पेंढ्या लावायच्या, म्हंजे तिला धक्का बसणार न्हाई. तोंड पुढं ठिवायचं. तुमच्या काकू मागच्या शिटावर उलट्या बसून तिच्याशी बोलत येतील." हे बोलताना ते पुढं बघत एकटेच हसले. मी त्यांना असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

लोह्याला चहाला थांबलो. अप्पा ट्रॉलीभोवती एक फेरी मारून आले. टायरवर तळहात ठेवून गरम झालंय का पाहिलं, साखळी ओढून पाहिली. मग चहा तसाच हातात धरून माझ्याकडं वळले.

"नांदेडकर, गाडी आज मागून हलकी हलकी वाटून राहिली. मी गेल्यावर काही ठिवलं तर न्हाई ना?"

आई माझ्याकडं बघत होती. चहावाला बघत होता. तो एक क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो?

"नाही अप्पा," मी म्हणालो.

"बरं. मंग माझाच भास." आणि त्यांनी चहा पिऊन टाकला. शंका संपली. काट्याखालोखाल त्यांचा माझ्या शब्दावर विश्वास होता.

लोह्याच्या पुढं एक लांब उतार आहे. अर्ध्यात आलो आणि ट्रॉलीनं शेपूट हलवलं. आधी हळू, मग जोरात. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं! गाडीच कुणीतरी मागून धरून झटकतंय असं वाटायला लागलं. आईनं "अरे देवा" म्हणून माझी कॉलर धरली. अप्पा ओरडले, "कुणी हलू नगा!" ब्रेकला त्यांनी पाय लावला नाही. चाक दोन्ही हातांनी असं धरलं होतं की शिरा फुगल्या होत्या. पाय उचललेला. ओठ हलत होते. गाडी हळूहळू मंद होत गेली, आम्ही वाचलो असं वाटलं, आणि शेवटच्या झटक्याला ट्रॉलीचं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली गेलं. ट्रॉली आडवी झाली. हूक उपसला. साखळ्यांनी मात्र धरून ठेवलं. त्या नसत्या तर ट्रॉली मागून गाडीवर आली असती आणि मागं आई होती.

गाडी थांबली. अप्पांचं उजवं मनगट स्टेअरिंगवर आपटून सुजलं होतं. तसेच ते उतरले आणि आधी आईकडं गेले. "आई, लागलं का? पाणी घ्या. काही झालं न्हाई. बसा." आणि मी? मी ट्रॉलीकडं धावलो. गादीची वळकटी सुटून पाटा बाहेर आला होता, उन्हात चमकत होता. मी तो दोन्ही हातांनी ढकलला. कोरड्या नाल्यात गडगडत गेला, बाभळीच्या झुडपात अडकला, दिसेनासा झाला. मागं वळलो तर आई बघत होती. अप्पा तिला पाणी देत होते, त्यांची पाठ माझ्याकडं होती.

नंतर अप्पा आले, उलटलेल्या ट्रॉलीपाशी उकिडवे बसले. एकेका वस्तूवरचे खडूचे आकडे वाचत राहिले. बेरीज केली. पुन्हा केली. मग फार हळू म्हणाले, "माझाच काटा चुकला."

सोमवारी ते देवणीला गेले नाहीत. मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "जीव हाय नांदेडकर, सामान न्हाई. ज्याचा हिशोब चुकतो त्यानं जीव ट्रॉलीत घालू नये." पुढच्या बाजारात काकूंच्या भावानं जनावरं विकली. चंद्रीही गेली. पत्र आलं, काकूंनी ते डब्यात ठेवलं.

मी आणखी दोन वर्षं शेजारी राहिलो. ट्रॉली परसात पडून होती, काकू तिच्यावर पापड वाळवायच्या. ओसरीतला काटा अप्पांनी दुकानात नेला. गाडीत कुणी बसायला आलं तर म्हणायचे, "बसा, अंदाजानं बसा." तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला की मी घरात जायचो. आई नवीन पाट्यावर चटणी वाटायची आणि चव नाही म्हणून कुरकुरायची. आम्ही एकमेकांकडं बघायचो नाही. मग माझी नांदेडला बदली झाली.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून मी लातूरला गेलो. अप्पा ओसरीत बसले होते. ऐंशीच्या घरातले, वाळलेले, पण भस्माचे पट्टे तसेच, खिशात खडू तसाच. ओळखलं लगेच. "नांदेडकर! वजन वाढलं तुमचं."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. "अप्पा, त्या दिवशी ट्रॉलीत आमचा पाटा होता. मी ठेवला होता. लोह्याला तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो. नंतर नाल्यात ढकलून दिला."

 त्यांनी शिव्या द्याव्यात, उठून जा म्हणावं, कशालाही मी तयार होतो.

"किती किलोचा?" अप्पा म्हणाले.

"कधी तोलला नाही. पस्तीस असेल."

"असेल न्हाई. लांबी-रुंदी दाखवा." मी हातांनी दाखवली. त्यांनी माझ्या दोन हातांमधलं अंतर वितीनं मोजलं. "काळा दगड? जाडी? मधी झिजलेला? पस्तीसच. आन् ठिवला कुठं?"

"अगदी मागं. फळीला टेकून."

खडू बाहेर आला. ऐंशी वर्षांचा माणूस खाली बसला आणि फरशीवर रेघा ओढायला लागला. "हे चाक. हितून हूक पाच फूट. हितून फळी तीन फूट. तीन गुणिले पस्तीस... एकशे पाच. भागिले पाच. एकवीस! मानेवरचं एकवीस किलो तुमच्या पाट्यानं उचललं. अठ्ठावीसातून एकवीस गेलं." त्यांचा आवाज चढत चालला. "सात! सात किलो, नांदेडकर! सात किलोच्या मानेवर ट्रॉली नाचंल न्हाई तर काय करंल! मी म्हणत होतो, मागं तीस-चाळीस किलो कुठून तरी आलं पायजे. त्यापायी आणखी चार वह्या भरल्या! कुठून आलं तेच कळंना!" ते भिंत धरून उठले, टाळी वाजवली. "अगं ए! बाहेर ये! लौकर ये!"

काकू हात पुसत आल्या. पाठीत वाकलेल्या, पण हसू तेच. "काय झालं?"

"माझा काटा बरोबर होता! पाटा होता, ह्यांच्या आईचा! मागं!"

काकूंनी मला बघितलं, मग अप्पांना. "बरोबरच असणार की. मी कवा म्हणले चुकला म्हणून?"

अप्पा थबकले. "म्हणली न्हाईस. पर देवणीला चला असं बी म्हणली न्हाईस."

"त्या सोमवारी मी लुगडं नेसून, दशम्या बांधून बसले होते. दुपारपातूर. तुम्ही परसात हूक काढून राहिले होते."

"मंग बोलायचं न्हाई?"

"हाताला पट्टी होती तुमच्या. म्हणलं, हात तेवढा बरा होऊ द्या."

मी हात जोडले. काय बोललो ते आता आठवत नाही.  अप्पांनी माझे हात खाली केले, घाईघाईनं, जणू दुसऱ्याच कुणाचं काम मध्ये आलं होतं. "मला इच्यारायचं होतं, नांदेडकर. मी काय न्हाई म्हणलो असतो का? आईचा पाटा. तुम्हाला यष्टीत बसवलं असतं, आन् पाटा चाकाच्या पुढं ठिवला असता."

मग ते काकूंकडं वळले.  विचारलं ते भलतंच.

"दशम्या कशाच्या केल्या होत्यास?"

"गुळाच्या."

"मंग खाल्ल्या कुणी?"

"तुम्हीच. दुसऱ्या दिवशी," काकू म्हणाल्या. "चांगल्या झाल्यात म्हणाले."

अप्पा पुन्हा खाली बसले. फरशीवरची ट्रॉली त्यांनी तळहातानं पुसली, हूक पुसला, चाकं पुसली, आणि हात तिथंच ठेवून बसून राहिले. काकू चहा ठेवायला आत गेल्या.